जेऊरची दोन मिनिटे : प्रा. कावसजी नायगमवाला यांचे स्मरण

नातेपुते हे नाव मराठी वाचकाला ठाऊक असते ते बहुधा वारीमुळे. आळंदीहून निघालेली माउलींची पालखी फलटण आणि बरड मागे टाकून सोलापूर जिल्ह्याच्या हद्दीत शिरते आणि तिचा जिल्ह्यातला पहिला मुक्काम नातेपुत्यास पडतो. माळशिरस तालुक्यातल्या या गावाचा खगोलशास्त्राच्या इतिहासाशी काही संबंध असेल अशी शंकाही सहसा कोणाला येत नाही. परंतु नकाशा उघडून कोकण किनाऱ्यावरच्या विजयदुर्गापासून करमाळा तालुक्यातल्या जेऊर स्थानकापर्यंत पट्टी ठेवावी आणि रेषा ओढावी. ती रेषा नातेपुत्याच्या अगदी लगतून जाते. २२ जानेवारी १८९८ रोजी, शके १८१९ च्या पौष अमावास्येस, शनिवारी भर दुपारी, याच वाटेने चंद्राची गडद छाया नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे सरकत गेली. खग्रास सूर्यग्रहणाचा तो पट्टा होता. विजयदुर्ग आणि जेऊर ही दोन्ही ठिकाणे निरीक्षकांनी पट्ट्याच्या मध्यरेषेच्या आसपास म्हणून निवडलेली होती. तेव्हा त्यांच्या दरम्यान असलेल्या नातेपुत्यासही त्या दुपारी सुमारे दोन मिनिटे अंधार झाला, हे सांगायला वेगळा पुरावा लागत नाही.

या रेषेच्या दोन टोकांना त्या दिवशी दोन छावण्या होत्या. विजयदुर्गच्या किल्ल्यावर इंग्लंडचे विख्यात शास्त्रज्ञ सर नॉर्मन लॉकियर होते. त्यांच्या मदतीला ‘मेलपोमीन’ या ब्रिटिश युद्धनौकेवरचे अधिकारी आणि खलाशी होते. जेऊरला, नातेपुत्यापासून सरळ अंतराने साठेक किलोमीटरवर, पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधले एक प्राध्यापक आपली उपकरणे मांडून बसले होते. त्यांचे नाव कावसजी दादाभाई नायगमवाला. पहिल्या छावणीची आठवण आपण आजही सांगतो, आणि तीही चुकीची सांगतो. दुसरीची सांगतच नाही. हा फरक का पडला, याचा विचार करण्यासाठी हे टिपण.

प्रथम नायगमवालांच्या कारकिर्दीकडे वळू. १८५७ साली जन्मलेल्या या पारशी विद्वानाचे शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात झाले. १८७८ मध्ये पदार्थविज्ञान आणि रसायन हे विषय घेऊन ते एम. ए. झाले आणि पुढे त्याच कॉलेजात प्रायोगिक पदार्थविज्ञान शिकवू लागले. १८८२ साली भावनगरचे महाराजा तख्तसिंगजी यांनी कॉलेजला वर्णपटाच्या अभ्यासाची प्रयोगशाळा उभारण्यासाठी पाच हजार रुपयांची देणगी दिली आणि मुंबई सरकारने तेवढीच भर घातली. उपकरणे खरेदी करण्यासाठी नायगमवाला १८८४ मध्ये इंग्लंडला गेले. तिथे राजज्योतिषी क्रिस्टी आणि लॉकियर यांनी त्यांना सुचवले की प्रयोगशाळेपुरते थांबू नये. याच पैशाला आणखी जोड देऊन ताऱ्यांच्या वर्णपटांचा अभ्यास करणारी वेधशाळा काढावी. मुंबईची दमट हवा त्या कामाला सोयीची नव्हती. योजना पुण्याला हलली, तिच्यामागोमाग नायगमवालांची बदली १८८५ मध्ये कॉलेज ऑफ सायन्समध्ये झाली आणि १८८८ साली महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा कामाला लागली. तिच्यातली मुख्य दुर्बीण डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यातली, वीस इंच व्यासाच्या आरशाची होती. त्या वेळी भारतात तिच्याहून मोठी दुर्बीण नव्हती.

त्या काळी वर्णपटाचा अभ्यास ही ज्योतिषातली अगदी नवी शाखा होती. हजारो वर्षे ज्योतिषाने ग्रहताऱ्यांच्या स्थानांचा आणि गतींचा हिशेब ठेवला. पंचांग त्याच हिशेबावर चालते. तारा कशाचा बनला आहे, हा प्रश्न त्या शास्त्राच्या कक्षेबाहेरचा होता. फ्रेंच तत्त्ववेत्ता ओग्यूस्त कोंत याने १८३५ मध्ये असे प्रतिपादन केले होते की ताऱ्यांची रासायनिक घडण माणसाला कधीच कळणार नाही. पंचवीस वर्षांच्या आत किर्खोफ आणि बुन्सेन या जर्मन शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की प्रत्येक मूलद्रव्य तापले असता प्रकाशाच्या पट्ट्यात ठरावीक जागी स्वतःच्या रेषा उमटवते. त्या रेषा वाचता आल्या की कोट्यवधी मैलांवरच्या द्रव्याची ओळख पटते. साहित्याच्या अभ्यासकाला ही गोष्ट परकी वाटू नये. अज्ञात लिपीतला शिलालेख हाती यावा आणि त्यातल्या काही अक्षरांची जुळणी लागताच मजकूर हळूहळू उलगडत जावा, तसे हे काम होते. १८८८ च्या सुमारास या लिपीतली पुष्कळ अक्षरे अजून लागायची होती.

त्यांपैकी एक अक्षर फार गाजले. १८६४ मध्ये विल्यम हगिन्स यांनी एका तेजोमेघाचा प्रकाश वर्णपटदर्शकातून पाहिला, तेव्हा त्यांना एक ठळक हिरवी रेषा दिसली. ज्ञात असलेल्या कोणत्याही मूलद्रव्याशी तिचा मेळ बसेना. मृगातल्या सुप्रसिद्ध तेजोमेघातही तीच रेषा होती. लॉकियर यांनी १८८७ पासून मांडलेल्या उपपत्तीनुसार विश्वातले सारे तेजोमेघ आणि तारे उल्कांच्या थव्यांतून घडले होते. या उपपत्तीला आधार म्हणून ते म्हणत की ही हिरवी रेषा म्हणजे तापलेल्या मॅग्नेशियमच्या पट्ट्याची उरलेली कडा आहे. तसे असेल तर रेषेची एक बाजू रेखीव आणि दुसरी धूसर, पसरत गेलेली दिसायला हवी. वाद या एका तपशिलावर येऊन ठेपला होता : रेषा दोन्ही बाजूंनी तीक्ष्ण आहे की एका बाजूने विरत जाते?

पुण्याच्या नव्या वेधशाळेने हाती घेतलेले महत्त्वाचे पहिले काम हेच. नायगमवालांनी मृगातल्या तेजोमेघाची ती रेषा वेगवेगळ्या परिस्थितीत तपासली आणि ती सर्व वेळा तीक्ष्णच दिसते, मॅग्नेशियमच्या पट्ट्याची कोणतीही खूण तिच्यात नाही, असा निष्कर्ष १८९१ मध्ये लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिकात प्रसिद्ध केला. हगिन्स यांचे म्हणणे हेच होते आणि अमेरिकेतल्या लिक वेधशाळेच्या कीलर यांची मोजमापेही याच दिशेची होती. तेव्हा वादाचा निकाल एकट्या पुण्याने लावला असे म्हणता येणार नाही. तरीही या छोट्या निबंधामागची स्थिती ध्यानात घ्यायला हवी. वेधशाळा काढावी हा सल्ला ज्यांनी दिला, त्यांत लॉकियर होते. वासाहतिक शिक्षणखात्यातला एक भारतीय प्राध्यापक, ज्याच्या संस्थेचे भवितव्य इंग्लंडमधल्या वजनदार मंडळींच्या मतावर बरेचसे अवलंबून होते, त्याच मंडळींपैकी एकाच्या आवडत्या सिद्धान्ताविरुद्ध साक्ष देत होता. त्याने ती आवाज न चढवता, रेषा जशी दिसली तशी नोंदवून दिली. वैज्ञानिक वृत्ती या शब्दाचा आपल्याकडे फार सैल वापर होतो. तिचे एक नेमके उदाहरण हवे असेल तर ते येथे आहे.

आता पुन्हा १८९८ कडे. ज्या वर्षी ग्रहण आले तो काळ या मुलखाला विलक्षण कठीण होता. १८९६-९७ च्या दुष्काळाने सोलापूर जिल्हा होरपळला होता. पुण्यात प्लेग होता. जून १८९७ मध्ये रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या आणि त्याच वर्षीच्या राजद्रोहाच्या खटल्यात शिक्षा झालेले टिळक ग्रहणाच्या दिवशी तुरुंगात होते. अशा वेळी जगभरचे खगोलशास्त्रज्ञ अवजड पेट्या घेऊन भारतात उतरले. जेऊर निवडले जाण्याचे कारण साधे होते. मध्यरेषा तेथून जवळ होती, जानेवारीत या पठारावर आकाश निरभ्र असते, आणि गाव ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या मार्गावर असल्याने काचेची नाजूक उपकरणे थेट माळापर्यंत आणता येत होती. लिक वेधशाळेचे डब्ल्यू. डब्ल्यू. कॅम्पबेल तेथेच तळ ठोकून होते. त्यांचा चाळीस फूट लांबीचा कॅमेरा सूर्याकडे रोखलेला होता. जपानहून आलेले पथकही जेऊरलाच होते. करमाळ्याच्या माळावरच्या एका लहानशा स्थानकाभोवती अमेरिका, जपान आणि पुणे अशी तीन ठिकाणची माणसे त्या दोन मिनिटांची वाट पाहत होती.

दोन मिनिटांत काय पाहायचे होते? सूर्यबिंब पूर्ण झाकले जाते त्या क्षणी त्याच्या कडेचा वातावरणाचा पातळ थर एक-दोन सेकंद उघडा पडतो आणि एरवी काळ्या दिसणाऱ्या वर्णपटरेषा एकदम तेजस्वी होऊन झळकतात. त्यानंतर दिसते ते प्रभामंडल, म्हणजे सूर्याभोवतीचे मोतिया तेज. प्रभामंडलातही एक हिरवी रेषा होती आणि तीही कोणत्या ज्ञात द्रव्याची हे कळत नव्हते. १८९८ पूर्वीची सुमारे तीस वर्षे तिची जागाच चुकीची धरली गेली होती. भारतातल्या या ग्रहणाच्या छायाचित्रांवरून ती रेषा खरी कुठे आहे हे ठरले. नायगमवालांच्या पथकानेही जेऊरला वर्णपटांची छायाचित्रे घेतली. त्यांचा सविस्तर अहवाल १९०२ मध्ये वेधशाळेच्या प्रकाशनमालेचा पहिला खंड म्हणून निघाला. दोन मिनिटांच्या निरीक्षणाला चार वर्षांची मोजणी आणि मांडणी लागली, हे प्रमाण इतिहासाच्या अभ्यासकानेही मनाशी ठेवण्यासारखे आहे.

त्याच दोन मिनिटांत पट्ट्यातल्या गावांत काय चालले असेल याची कल्पना करणे कठीण नाही, कारण ते पुढेही कित्येक दशके चालत राहिले. वेध पाळणे, दारे लावून घेणे, गरोदर बायकांना घराबाहेर न पाठवणे, स्पर्श आणि मोक्षाची स्नाने, आणि ‘दे दान, सुटे गिराण’ अशी गल्लीतून येणारी आरोळी. ज्या जमातींना एरवी उंबऱ्याशी उभे राहू दिले जात नसे, त्यांनाच त्या दिवशी दान देऊन सूर्याची सुटका मागायची, अशी ती व्यवस्था होती. जेऊरची छावणी आणि हा गाव यांच्यामधले अंतर मैलांत मोजण्यासारखे नव्हते. ग्रहण केव्हा लागणार हे पंचांगालाही ठाऊक होते. त्या बाबतीत दोघांचा वाद नव्हता. फरक पुढच्या प्रश्नात होता. एका ठिकाणी ग्रहण ही टाळायची वेळ होती आणि दुसऱ्या ठिकाणी ती साधायची.

नायगमवालांच्या वेधशाळेची पुढची हकीकत थोडक्यात सांगता येते. १९११ मध्ये कॉलेज ऑफ सायन्सचे कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग झाले. १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले आणि त्यांच्याबरोबर वेधशाळाही बंद झाली. उपकरणे दक्षिणेत कोडाईकनालच्या सरकारी वेधशाळेकडे रवाना झाली. चोवीस वर्षांत उभी राहिलेली परंपरा चालवणारा दुसरा माणूस पुण्यात तयार झाला नव्हता, किंवा तयार होईल अशी व्यवस्थाच कोणी केली नव्हती. संस्था एका व्यक्तीच्या नोकरीइतकीच जगली. पुढे नायगमवाला सव्वीस वर्षे हयात होते. १९३८ साली त्यांचे निधन झाले. त्याआधी, १९२७ मध्ये, अमेरिकेत आयरा बोवेन यांनी तेजोमेघाच्या हिरव्या रेषेचा उलगडा केला. ती नव्या मूलद्रव्याची नव्हती, मॅग्नेशियमचीही नव्हती. आपण रोज श्वासात घेतो त्या ऑक्सिजनचीच होती. मात्र त्याचे दोन इलेक्ट्रॉन निघून गेलेले आणि पृथ्वीवरच्या कोणत्याही निर्वात नळीत साधणार नाही इतक्या विरळ अवस्थेत तो होता. प्रभामंडलाची हिरवी रेषा १९४० च्या सुमारास उलगडली. ती निघाली लोखंडाची, लाखो अंश तापलेल्या. दोन्ही वेळा अपरिचित वाटलेले द्रव्य परिचितच होते; त्याची परिस्थिती अपरिचित होती.

आता मूळ प्रश्न. विजयदुर्गावर ज्यांना ‘साहेबाचे ओटे’ म्हणतात ते पर्यटकांना दाखवले जातात. लॉकियर यांनी १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात तेथूनच हेलियमचा शोध लावला, अशी कथा सांगितली जाते. त्या तारखेस तेथे हेलियम दिनही साजरा होतो. कथा सुरस आहे, पण ती खरी नाही. १८६८ च्या ग्रहणाच्या वेळी लॉकियर इंग्लंडमध्ये होते. त्या ग्रहणात सूर्याच्या ज्वालांचा वर्णपट पाहणारे झान्सेन आंध्रातल्या गुंटूर येथे होते. लॉकियर यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरात, ग्रहण नसताना, आपल्या देशातूनच ज्वालांचा वर्णपट पाहिला आणि त्यातल्या पिवळ्या रेषेवरून पुढे हेलियमची कल्पना मांडली. ते विजयदुर्गावर आले ते तीस वर्षांनी, १८९८ मध्ये. लोकस्मृतीने दोन ग्रहणांची एक गोष्ट केली आणि साहेबाला तीस वर्षे आधीच किल्ल्यावर आणून बसवले.

यात लोकांना हसण्याचे कारण नाही. स्मृतीला जागा लागते, वस्तू लागते, सांगणारा लागतो आणि एका वाक्यात मावणारे यश लागते. विजयदुर्गाला हे सारे मिळाले : किल्ला, ओटा, साहेब आणि एक नवे मूलद्रव्य. जेऊरला यांपैकी काही मिळाले नाही. तिथला तळ दोन दिवसांत उठणारा होता. नायगमवालांचे यश एका वाक्यात मावणारे नव्हते. अमुक रेषा धूसर नाही, तीक्ष्ण आहे, या निष्कर्षाचा कोणी दिन साजरा करीत नाही. दुर्बीण कोडाईकनालला गेली. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्यांचे निबंध आणि अहवाल इंग्रजीत राहिले. ज्या भाषेच्या मुलखात त्यांनी आयुष्याची सत्तावीस वर्षे नोकरी केली, त्या भाषेत त्यांची गोष्ट लिहिली जायला हवी होती तेवढी लिहिली गेली नाही.

याच्या शेजारी एक समांतर उदाहरण ठेवून पाहावे. नायगमवाला पुण्यात दुर्बिणीशी बसत होते त्याच काळात, त्याच शहरातल्या ट्रेनिंग कॉलेजातले शिक्षक शंकर बाळकृष्ण दीक्षित भारतीय ज्योतिःशास्त्राचा इतिहास मराठीत लिहीत होते. तो ग्रंथ १८९६ मध्ये प्रसिद्ध झाला. दीक्षित ग्रहणानंतर तीनच महिन्यांनी, एप्रिल १८९८ मध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी वारले. त्यांच्याजवळ वेधशाळा नव्हती, महाराजांची देणगी नव्हती. परंतु ग्रंथ मराठीत होता. त्यामुळे तो मराठी अभ्यासकांच्या पिढ्यांनी वाचला आणि पुढे त्याचे इंग्रजी भाषांतर झाले. एकाच शहरात ज्योतिषाच्या दोन वाटा शेजारून गेल्या. एकीकडे हजार-दोन हजार वर्षांच्या ग्रंथांचे वाचन होते, दुसरीकडे प्रकाशाच्या रेषांचे. मराठी वाङ्मयाच्या इतिहासाने पहिली वाट आपली मानली. दुसरीला त्याने आपल्या नकाशावर जागा दिली नाही.

ती जागा पुढे जयंत नारळीकरांनी मिळवली, हे आपण जाणतो. कोल्हापुरात जन्मलेल्या आणि केंब्रिजला हॉइल यांच्याबरोबर विश्वरचनेवर संशोधन केलेल्या या शास्त्रज्ञाने १९८८ मध्ये पुणे विद्यापीठाच्या आवारात ‘आयुका’ उभी केली. तख्तसिंगजी वेधशाळा कामाला लागली त्याला त्या वर्षी बरोबर शंभर वर्षे झाली होती. शतकापूर्वी पुण्यात जे साधले नव्हते ते येथे साधले : संस्था संस्थापकाच्या निवृत्तीनंतरही चालत राहिली आणि देशभरच्या विद्यापीठांतील अध्यापकांना तिचे दार खुले राहिले. त्याच वेळी नारळीकर मराठीत विज्ञानकथा लिहीत होते, आत्मचरित्र लिहीत होते. २०१४ साली त्यांना ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्रासाठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, २०२१ मध्ये नाशिकच्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्षपद मिळाले. २० मे २०२५ रोजी ते गेले तेव्हा ज्यांनी त्यांचे एकही समीकरण पाहिले नव्हते अशा घरांतही आपले माणूस गेल्याची भावना होती. त्यांच्या स्थिर स्थिती विश्वाच्या आग्रहाशी बहुसंख्य शास्त्रज्ञ सहमत नव्हते, हे मराठी वाचकाला ठाऊक होते आणि त्याने त्या भावनेत उणेपणा आला नाही. भाषेने त्यांना ठेवून घेतले होते.

नायगमवालांची तुलना नारळीकरांशी करणे योग्य नाही; काळ, साधने आणि कामाचा आवाका सारेच वेगळे. त्यांना विस्मृतीतून काढून एकदम थोर ठरवण्याचाही हा प्रयत्न नाही. तसे केले तर साहेबाच्या ओट्याशेजारी आपण आपला एक ओटा बांधला, एवढेच होईल. त्यांचे योगदान त्याच्या खऱ्या मापात सांगता येते : भारतीय भूमीवर ताऱ्यांच्या वर्णपटाच्या अभ्यासाला पहिल्या पिढीत वाहिलेली एक वेधशाळा, एका मोठ्या वादातली एक प्रामाणिक साक्ष, एका ग्रहणाचा काळजीपूर्वक लिहिलेला अहवाल. हे माप लहान नाही. विज्ञान बहुतेक वेळा अशाच मापांनी पुढे सरकते, आणि साहित्याच्या वर्गात आपण चरित्र शिकवतो तेव्हा हेही शिकवायला हवे की ज्याच्या नावावर मोठा शोध नाही त्याचेही चरित्र लिहिण्याजोगे असू शकते.

सोलापूर जिल्ह्यातल्या एखाद्या शिक्षकाने वर्गात नकाशा लावून ती रेषा मुलांकडून ओढून घ्यावी, असे फार वाटते. विजयदुर्गापासून निघावे, नातेपुत्यावरून जावे, जेऊरला थांबावे. मुले विचारतील, जेऊरला कोण होते? त्या प्रश्नाला उत्तर देता यावे यासाठी एवढे लिहिले.